उपाशी या म्हणाले, मी चहा पिऊन गेले

डॉक्टरांनी टीव्हीसारखा तो पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "काकू, ही तुमची अन्ननलिका."

मी पाहिलं. लालसर, ओलं भुयार होतं आणि पुढं जाऊन ते एकदम बारीक झालेलं. पिशवीचं तोंड नाडीनं आवळून घ्यावं, तसं. माझ्या घशात बधिर करायचा फवारा मारलेला होता, त्यामुळे जीभ जड झाली होती, बोलता येत नव्हतं. सून मंगला मागं उभी होती, तिनं माझा खांदा धरलेला.

"इथं रस्ता अरुंद झालाय," डॉक्टर म्हणाले. "याला स्ट्रिक्चर म्हणतात. जखम पुन्हापुन्हा होऊन भरली की तिथली कातडी आकसते, तसंच आतून झालंय." मग त्यांनी बोट जरा वर नेलं. "आणि ही जागा मला बरी दिसत नाही. इथले बारीक तुकडे घेतलेत. ते बायोप्सीला जातील."

बायोप्सी म्हणजे शरीरातला इवलासा तुकडा काढून तो भिंगाखाली तपासणं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी फक्त "बरी दिसत नाही" एवढंच कानात बसलं.

मंगलानं विचारून टाकलं, "डॉक्टरसाहेब, कॅन्सर तं नाही ना?"

"असू शकतो, नसूही शकतो. म्हणूनच तुकडा घेतला. रिपोर्ट येईपर्यंत मी काही म्हणणार नाही, तुम्हीही मनानं काही ठरवू नका."

मनानं ठरवू नका म्हणे. मन काय आपल्याला विचारून ठरवतं?

आता मी मुळापासून सांगते. माझं शिक्षण म्हणावं तर काही नाही. अक्षरं जोडायला लेकरांच्या पुस्तकांवरून शिकले. पण जे माझ्यावर बेतलं ते लिहून ठेवावं असं वाटतं, कारण आपल्याकडं घरोघरी तोच चहा आहे आणि तीच घाई आहे.

आमची चहाची कँटीन दारव्ह्याच्या रस्त्यावर, कापसातली सरकी काढतात त्या जिनिंगच्या फाटकाबाहेर. कँटीन म्हणजे वर पत्रे, खाली बाकडी आणि मधे भट्टी. हे, म्हणजे आमचे मालक, गिऱ्हाईक सांभाळत आणि मी भट्टी. कापसाची ती वाईट वर्षं. भाव पडलेला, खरेदी आज चालू तर उद्या बंद. कापूस भरलेल्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग फाटकापासून पार नाल्यापर्यंत जायची. माणसं आपापल्या बंडीवरच राहायची, बैलांना वैरण टाकायची आणि चहा प्यायची. पुष्कळजण तर जेवणाच्या जागी चहा घेत. गरम चहा घोटला की भूक मरते, असं म्हणत. मीही तेच करायचे. सकाळपासून भट्टीपाशी, मग भाकर कोण थापतं?

आमच्या कँटीनचा चहा गरम म्हणून नावाजलेला होता. पिणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं तर तो चहा, नाहीतर ते पाणी. चहाचा गंज, म्हणजे पातेलं, उकळायला लागला की मी उकळीतूनच पळी भरायची, कपात ओतायची आणि तशीच घोटात चाखायची. साखर झाली, पत्ती झाली, उतरवा. दर गंजाला असं. शिवाय पाहुणा आला की त्याच्यासोबत एक कप, कोणी रडत आलं की त्याच्यासोबत एक कप. चटका बसतो हे मला जाणवतच नव्हतं. उलट त्याचा तोरा होता मला. बाया बशीत ओतून फुंकर मारायच्या तर मी हसायचे, "कायले वारा घालता वो, चहाले ताप आला का?"

तर पहिली खूण अशी दिसली. तुरीची डाळ आणि ज्वारीची भाकर खात होते. एक घास छातीच्या मधोमध थांबला. दुखलं नाही, नुसता थांबला, बस फाट्यावर थांबते तसा. मी वरून गरम चहा घेतला. घास खाली गेला. बरं वाटलं.

मग हेच माझं औषध झालं. घास अडला की चहा. आणखी अडला की आणखी गरम चहा. गरमानं तूप वितळतं तर घास का नाही उतरणार, असा माझा हिशोब. ज्या गोष्टीनं आत पोळत होतं, तीच मी वरून ओतत होते. पण त्या वेळी माझ्यासारखी शहाणी मीच.

पुढं पुढं भाकर सुटली, मग पोळी सुटली. वरणात कालवलेला भात तेवढा जायचा. छातीत जळजळायचं, रात्री आंबट पाणी तोंडाशी यायचं. पित्त असेल म्हणून ओवा खाल्ला, सोडा घेतला. वस्तीतली एक म्हातारी म्हणाली, पडजीभ पडली असंल, आणि ती वर यावी म्हणून तिनं टाळूवरचे केस मुठीत धरून असे ओढले की डोळ्यांसमोर काजवे. घास अडायचा तो अडतच राहिला, केस मात्र गेले.

चोळ्या ढिल्या झाल्या. बाया म्हणायच्या, "वैनी, बारीक झाल्या, बरं दिसून राह्यलं तुमाले." मीही ऐकून घ्यायचे. खरं तर मनातून चांगली घाबरलेले. माझ्या सासूबाईंचं असंच झालं होतं. आधी भाकर बंद, मग भात, शेवटी पाण्याचा चमचासुद्धा परत यायचा. त्या काळात कोणी त्याला नाव दिलं नाही, दवाखाना दाखवला नाही. गेल्या. म्हणून मी कोणाला सांगत नव्हते. सांगितलं तर ते खरं होईल असं वाटायचं.

मंगलानं पकडलं. मी ताटातली पोळी पदराआड करून गाईला नेऊन टाकते, हे तिनं पाहिलं होतं.  दुसऱ्या दिवशी ती गाईपाशीच उभी राहिली.

"आत्याबाई, गाय तं जाडी होऊन राह्यली. आता तुमच्याकडं पाहू का?"

मी म्हटलं काही नाही, पित्त आहे.

"पित्त हाय तं डॉक्टर सांगंल पित्त हाय. चाला."

ह्यांना तिनंच सांगितलं. हे भट्टीतली लाकडं उगाच खालीवर करत बसले. मग म्हणाले, "जाऊन या. कँटीन मी पाहतो." कँटीन ते पाहतो म्हणाले तेव्हा मला खरी काळजी वाटली. दोन्हीची.

यवतमाळला दुर्बिणीनं पोट तपासणारे एक डॉक्टर होते, त्यांच्याकडं गेलो. तरुण माणूस, मुलाच्या वयाचा. त्यांनी सगळं विचारलं. घन अडतं की पातळ? वजन किती उतरलं? तंबाखू? खर्रा? गुटखा? मिश्री? दारू? मी प्रत्येकाला ठणकावून नाही म्हटलं. खर्रा तर आमच्याकडं लहानथोर सगळे घोटतात, पण मी कधी शिवले नाही. डॉक्टर जरा बुचकळ्यात पडले. म्हणाले, उद्या सकाळी एंडोस्कोपी करू. एंडोस्कोपी म्हणजे तोंडातून लवचिक नळी घालतात, तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो, आतलं सगळं बाहेर पडद्यावर दिसतं. "उद्या उपाशी या," एवढं बजावून सांगितलं.

मंगलाच्या मावशीकडं मुक्काम केला. सकाळी तिनं पोहे केले, मी हात लावला नाही. चहा घेतला आणि निघाले.

दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, "काही खाल्लं नाही ना?"

"नाही वो माय, कडक उपास."

"काही प्यायलं?"

"काही नाही. चहा तेवढा."

सिस्टरनं कपाळाला हात लावला. मला कळेना काय चुकलं. आपल्याकडं चतुर्थी असो, एकादशी असो, चहा उपासाला चालतोच की. चहानं उपास मोडला असं मी तरी जन्मात ऐकलं नव्हतं. मंगलासुद्धा म्हणाली, "मले वाटलं चहा चालते, मीच करून देल्ला." पोटात काही असलं तर नळी घालताना ते उलटून श्वासात जाऊ शकतं, म्हणून पाणीसुद्धा नको असतं. हे कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी आत बोलावलं. मला वाटलं, रागावतील. ते हसले. म्हणाले, "आज तर आता होत नाही. बसा. चहा घेणार? आता काय, उपास मोडलाच आहे."

चहा आला. त्यांच्या टेबलावर एक कप, माझ्या हातात एक. ते काहीतरी लिहीत होते. त्यांनी लिहिता लिहिता कप ओठाला लावला, चटका बसला, खाली ठेवला. वर पाहिलं तर माझा कप रिकामा.

"काकू, चहा सांडला का?"

"नाही जी. प्यायली."

ते माझ्याकडं पाहतच राहिले. मग त्यांनी स्वतःच्या कपाला बोट लावून पाहिलं आणि पटकन काढून घेतलं. "रोज असाच पिता?"

मंगला म्हणाली, "हा तं थंड होता, साहेब. घरी उकळीतला पेतात."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "काल मी इतकं विचारलं, तेव्हा हे का नाही सांगितलं?"

आता काय सांगणार? त्यांनी व्यसनं विचारली होती. खाण्यापिण्याचं विचारलं तेव्हा मी जेवण सांगितलं. चहा ना खाण्यात, ना व्यसनात, ना उपासात. तो कशातच मोजायचा नसतो. श्वास किती घेता असं कोणी विचारलं तर आपण काय सांगू?

डॉक्टरांनी समजावलं ते मी त्यांच्याच शब्दांत सांगते. "चहा वाईट नाही काकू, कॉफीही नाही. वाईट आहे ती आग. फार कढत पिणाऱ्यांमध्ये अन्ननलिकेचे आजार जास्त दिसतात. हातावर रोज उकळता थेंब पडला तर हाताचं काय होईल? आतलं अस्तर तर त्याहून नाजूक. तुमचं यानंच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही, तुम्हाला रिफ्लक्सही आहे." रिफ्लक्स म्हणजे पोटातलं आम्ल उलटं वर चढणं. रिकाम्या पोटी कडक चहा किंवा कॉफी घेतली की काहींना ते वाढतं. म्हणजे वरून चटका आणि खालून आम्ल, मधे ती बिचारी नळी.

दुसऱ्या दिवशी खरंच उपाशी गेले आणि तपासणी झाली. ती मी सुरुवातीला सांगितलीच. नळीला घाबरू नका. गुदमरल्यासारखं होतं, डोळ्यांतून पाणी येतं, पण नाकानं श्वास चालू ठेवा म्हणतात तसं केलं की निभतं. नळीपेक्षा रिपोर्टची वाट पाहणं जड. तुकडे नागपूरला गेले होते.

त्या दिवसांत मी गावी परत आले आणि पुन्हा भट्टीपाशी उभी राहिले. घरात बसून भिंतीकडं पाहण्यापेक्षा ते बरं. पण चाखायची चोरी झाली. मंगला चाखायची, मी तिच्या तोंडाकडं पाहायचे. बंडीवाल्यांना कोणी सांगितलं ठाऊक नाही, पण सगळ्यांना कळलं होतं. ज्यांचा स्वतःचा कापूस तसाच पडून होता, ते मला विचारत, "वैनी, आला का रिपोट?" मी नाही म्हणायचे. मीही विचारायचे, "झालं का कापसाचं माप?" तेही नाही म्हणायचे. अशी आम्ही एकमेकांची सोबत केली.

शेजारची नसीम रोज साबुदाण्याची पातळ खीर आणून द्यायची. तिचा नवरा जिनिंगवर मेकॅनिक. ती म्हणायची, "भाभी, मैंने दुआ में आपका नाम लिया है, अब आप खाली-पीली फिक्र मत करो." मी म्हटलं, फिक्र तर होतेच ग. ती म्हणाली, "तो करो, लेकिन पहले खीर पी लो."

हे मात्र माझ्यासमोर जेवेनासे झाले. ताट घेऊन कँटीनच्या मागं जायचे. मला राग आला. मला वाटलं, आतापासूनच माणूस दूर होऊन राहिला. एक दिवस मी मागं गेले आणि विचारलंच, "काहून, माही शिसारी येते काय?"

ते मान खाली घालून बसले. म्हणाले, "तुले गिळत नाही, अन् म्या तुह्यासमोर भाकर मोडू? मले घास उतरत नाही तुह्यासमोर."

 मी त्यांच्याजवळ बसून राहिले, ते जेवेपर्यंत.

रिपोर्ट आला त्या दिवशी हेही यवतमाळला आले. कँटीन बंद ठेवून. डॉक्टरांनी कागद वाचला, आमच्याकडं पाहिलं आणि आधी तेच सांगितलं जे ऐकायचं होतं. "कॅन्सर नाही."

ह्यांनी टोपी काढून तोंडावर धरली.

"पण पूर्ण ऐका. डिस्प्लेशिया आहे, हलक्या पायरीचा." डिस्प्लेशिया म्हणजे पेशींची चाल बिघडायला लागणं. त्यांनी सांगितलं, काहींची चाल पुन्हा सुधारते, काहींची बिघडत बिघडत कॅन्सरपर्यंत जाते. "म्हणून आपण डोळा ठेवायचा. औषध घ्यायचं, ठरल्या वेळी दुर्बीण करायची. आणि कढत बंद. कायमचं."

अरुंद जागेसाठी डायलेटेशन केलं. डायलेटेशन म्हणजे रुंद करणं. दुर्बिणीतून बारीक तार खाली सोडतात, तिच्यावरून गुळगुळीत नळी, आधी बारीक, मग जराशी जाड. एकदम नाही, बऱ्याच फेऱ्यांत. त्यानंतर छातीत कळ येते, थुंकीत थोडं रक्त दिसतं. कळ फार वाढली, ताप आला, श्वासाला त्रास झाला तर तडक परत या, असं बजावलेलं. मला तसं काही झालं नाही. दोन फेऱ्यांनी पोळी जायला लागली. भाकर खायची परवानगी मिळाली त्या दिवशी मंगलानं पातळ भाकर केली, सोबत वांग्याचं भरीत. हे माझ्यासमोर बसले आणि जेवले. मी इतकं सावकाश चावत होते की त्यांचं ताट धुवून झालं तरी माझं चालूच. कोणी घाई केली नाही.

आता चहाचं. सोडला नाही मी. डॉक्टरांनी सोडायला सांगितलाच नव्हता, कमी करायला आणि थांबून प्यायला सांगितला होता. पण थांबून पहिला कप प्यायले तेव्हा मी मंगलाला म्हटलं, "आज साखर किती टाकली वो? नुसता पाक झाला."

ती म्हणाली, "रोजची हाय तेवढीच. पहिल्यापासूनच जास्त हाय, आत्याबाई. तुमाले कोण सांगणार?"

आयुष्यभर मी चहा चाखत होते आणि मला फक्त चटका कळत होता. गोडी कळतच नव्हती. साखर कमी केली. आता आलं कळतं, पत्तीचा वास कळतो.

कँटीनवरही मी नेम केला. गंज उतरवला की उघडा ठेवून जरा निवू द्यायचा, मग ओतायचा. सुरुवातीला फार बोलणी खाल्ली. एकजण म्हणाला, "वैनी, चहा देऊन राह्यल्या का शरबत?"

मी म्हटलं, "तुले कायची घाई? तुही बंडी उद्याबी इथंच हाय."

सगळे हसले, तोही हसला. काही गिऱ्हाइकं शेजारच्या टपरीवर गेली, काही परत आली. जी राहिली ती चहा निवेपर्यंत बसायची, बोलायची. कोणाच्या घरी काय चाललंय ते त्या बसण्यात कळायचं. एखादा गप्प गप्प असला तर तेही कळायचं आणि मग त्याच्यापाशी कोणीतरी जाऊन बसायचं. आधी चहा घोटून जो तो आपल्या बंडीवर एकटा जाऊन पडायचा.

तुम्ही हे वाचत असाल आणि घास अडत असेल तर मी हात जोडून सांगते, वरून चहा ओतू नका, सोडा घेऊ नका, केस ओढून घेऊ नका. दाखवा. मी आणखी लपवलं असतं तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आणि डॉक्टर विचारतील तेव्हा सगळं सांगा, तुम्हाला जे मोजण्यासारखं वाटत नाही तेसुद्धा.

मागच्या खेपेला दुर्बिणीला मी एकटी गेले, एसटीनं. आतली ती बिघडलेली जागा आता निवत चाललीय, पण डोळा ठेवायचाच आहे. बाकावर शेजारी एक बाई होती, झरी जामणीकडची, नवऱ्यासोबत आलेली. पदराचं टोक बोटांत पिळत होती. तिनं विचारलं, "दुखते काय वो, माय?"

मी म्हटलं, "दुखत नाही, पण जीव गुदमरते थोडा. थोडाच वेळ. मंग निघते."

"अन् मंग?"

"मंग जे असंल ते समजते. समजलं का त्याच्यावर विलाज करता येते."

नंबर तिचा आधी होता. ती बाकावरून उठेना. मी सिस्टरला सांगितलं, मला आधी घ्या. आत गेले, झालं, तोंड पुसत बाहेर आले. ती दाराकडंच पाहत उभी होती. मला बोलता येत नव्हतं, घसा बधिर होता. मी नुसती तिच्यासमोरून आपल्या पायांनी चालत बाकापर्यंत गेले आणि बसले.

तिनं ते पाहिलं. मग पदर कमरेला खोचला आणि आत गेली.